आखूड दांडीचा हिशेब



मोटारगाडीच्या इतिहासात इंजिनाचे पोवाडे पुष्कळ गायले गेले आहेत. किती अश्वशक्तीचे, किती वेगाचे, कोणत्या शर्यतीत कोणाच्या पुढे गेले, हे सांगणाऱ्या ग्रंथांनी कपाटे भरली आहेत. परंतु त्या इंजिनाची ताकद चाकापर्यंत कोणत्या मापाने पोचवायची, हे ज्या एका दांडीने ठरते, त्या गिअरच्या दांडीची चौकशी फारशी कोणी करीत नाही. वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर आम्ही त्या दांडीची हकीकत सांगणार आहोत. आणि हकीकत सांगता सांगता स्पोर्ट्स गाडीत आखूड दांडी कशी बसवितात, ती बसविल्यावर काय बिघडते आणि ते कसे ओळखावे, हेही सांगणार आहोत.

आम्ही इंजिनियर नव्हे. शाळा लौकर सुटली, आयुष्याची तीसएक वर्षे कामगार संघटनेच्या कामात गेली, आणि जे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात व गॅरेजच्या बाकावर झाले. म्हणून यंत्राकडे पाहताना आमच्या मनात एक प्रश्न नेहमी येतो. यंत्राने कोणाचे तरी श्रम वाचविले असे ऐकले, की आम्ही विचारतो: वाचले ते कोणाचे, आणि फेडले कोणी? गिअरच्या दांडीचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो असे आमचे मत आहे.

प्रथम गिअर हवा कशाला, ते पाहू. पेट्रोलचे इंजिन हे बैलासारखे नाही. बैल उभ्या जागेवरून खांदा देऊन गाडी ओढतो. इंजिन मात्र आधी स्वतः वेगाने फिरावे लागते, तेव्हा त्याच्या अंगात जोर येतो. म्हणून गाडी सुरू करताना किंवा घाट चढताना इंजिनाचे अनेक फेरे आणि चाकाचा एक फेरा असा व्यवहार करावा लागतो, आणि सपाटीवर तो व्यवहार बदलावा लागतो. हा बदल लहानमोठ्या दातेरी चाकांच्या जोड्यांनी होतो, आणि कोणती जोडी कामास लावायची हे दांडी ठरविते.

ज्या गिअरपेटीपासून आजची पेटी उतरली, ती फ्रान्समध्ये पानार-लव्हासोर या कारखान्यात १८९१ च्या सुमारास आकारास आली. एमिल लव्हासोर या इंजिनियराने दांड्यावर सरकणारी दातेरी चाके बसविली. दांडी ओढली, की एक चाक सरकून दुसऱ्याच्या दातांत घुसे. दोन्ही चाके फिरत असत, आणि दोघांचे वेग निराळे असत. त्यामुळे दातावर दात घासून कर्कश खरखर होई. लव्हासोर स्वतःच आपल्या पेटीला रानटी म्हणत असे, पण काम तर देते ना, असेही म्हणे, अशी आख्यायिका आहे. १८९५ साली पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत पॅरिस, अशी सुमारे १,१८० किलोमीटरची शर्यत त्याने ४८ तास ४८ मिनिटांत, जवळजवळ सारा वेळ स्वतः गाडी हाकून पार केली. त्या दोन दिवसांत त्याच्या हाताने किती वेळा दातांची ही झुंज लावली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

या पेटीने सारा भार चालकावर टाकला होता. दोन चाकांचे वेग जुळविणे हे चालकाच्या कानाचे आणि पायाचे काम. क्लच दाबून दांडी न्यूट्रलमध्ये आणायची, क्लच सोडून इंजिनाचा वेग अंदाजाने जुळवायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. लॉरीवरचे जुने चालक याला ‘डबल क्लच’ म्हणत. ही कला ज्यांना साधली ते उस्ताद ठरले. ज्यांना साधली नाही त्यांच्या पेटीतले दात गेले.

पहिली सुधारणा जर्मनीत झाली. १९०१ साली विल्हेल्म मायबाख याने ३५ अश्वशक्तीची मर्सिडीज गाडी सिद्ध केली. तीत दांडीसाठी खाचांची एक चौकट होती. प्रत्येक गिअरची खाच वेगळी, त्यामुळे हाताला पेटीतली जागा न पाहता सापडू लागली. आज आपण इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकारात दांडी फिरवितो, ती याच चौकटीची परंपरा. हा मायबाख लहानपणीच पोरका झालेला, रॉयट्लिंगेन गावच्या एका धर्मादाय संस्थेत वाढलेला आणि तेथल्याच कार्यशाळेत हत्यार धरायला शिकलेला मुलगा होता, हे आम्हांस मुद्दाम नमूद करावेसे वाटते. त्याने भार कमी केला नाही. पण भार उचलणाऱ्याला तो नीट धरता येईल अशी मूठ दिली.

अमेरिकेत हेन्री फोर्डने निराळीच वाट धरली. १९०८ साली निघालेल्या त्याच्या ‘मॉडेल टी’ गाडीत अशी दांडीच नव्हती. दातेरी चाके सदैव एकमेकांत गुंतलेली असत, आणि चालक पायपट्ट्या दाबून गिअर बदली. शेतकऱ्याला, दुकानदाराला उस्तादी न शिकता गाडी हाकता येऊ लागली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. चालकाचे श्रम वाचले, यात शंका नाही. परंतु १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली, आणि ज्या सांगाड्याच्या जुळणीस साडेबारा तास लागत, ती दीड तासावर आली. ते वाचलेले अकरा तास हवेत विरून गेले नाहीत. ते पट्ट्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या मनगटांत आणि पाठीत गेले. कामगार इतक्या झपाट्याने काम सोडून जाऊ लागले, की जानेवारी १९१४ मध्ये फोर्डला दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा करावी लागली. बिल कोणाच्या नावावर चढले होते, हे त्या घोषणेनेच सांगितले.

यानंतरची मोठी घटना १९२८ ची. अर्ल थॉम्पसन या अमेरिकन संशोधकाची ‘सिंक्रोमेश’ पेटी त्या वर्षी कॅडिलॅक गाडीत आली. कल्पना साधी आणि सुंदर आहे. दात दातात शिरण्यापूर्वी, शंकूच्या आकाराची एक कडी फिरत्या गिअरच्या तशाच शंकूवर घासते. त्या घर्षणाने दोघांचे वेग सारखे होतात, आणि मग दात आवाज न करता आत जातात. पुढे या कडीला अशी रचना मिळाली, की वेग जुळेपर्यंत ती दातांना वाटच देत नाही. जे काम पूर्वी चालकाचा कान करी, ते आता ही कडी करू लागली. ही कडी बहुधा पितळेसारख्या मऊ धातूची असते, कारण घासणे हेच तिचे काम. प्रत्येक गिअरला ती कणभर झिजते. बिल फाटले नाही; फक्त त्यावरचे नाव बदलले. पुढे हायड्रॅमॅटिक नावाची स्वयंचलित पेटीही याच थॉम्पसनच्या हाताखालील मंडळींनी तयार केली. ती १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून बाजारात आली.

याच सुमारास दांडीने जागा बदलली. समोर तीन माणसे बसावीत म्हणून अमेरिकन कारखानदारांनी ती जमिनीवरून काढून सुकाणूच्या खांबाला लावली. आपल्याकडे ही दांडी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, पुढे जिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले, ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी दीर्घकाळ खांबावरच्या दांडीनेच चालली. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिचे छप्पर, तिची गादी, तिचा मीटर आठवला. तिची दांडी कोणी आठवली नाही.

वास्तविक ती दांडीच आमच्या विषयाचा पहिला धडा आहे. खांबावरून पेटीपर्यंत जायचे, तर मध्ये सळया, कोपरे आणि सांधे आले. प्रत्येक सांध्यात एक बुश. नवी असताना दांडी नीट चाले. पण दिवसातून शेकडो वेळा गिअर बदलणाऱ्या टॅक्सीत बुश झिजत, आणि प्रत्येक सांध्याची केसभर ढिलाई मिळून मुठीशी चार बोटांची होई. टॅक्सीवाले म्हणत, ‘गिअर शोधावा लागतो.’ चांगला मिस्त्री अशा वेळी दांडी बदलीत नसे. तो बुश बदली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता स्पोर्ट्स गाडीकडे वळू. इंग्लंडातील लहान उघड्या गाड्यांत दांडी जमिनीवरच राहिली. पेटी चालकाच्या पावलांजवळ, आणि हात मागे. म्हणून पेटीच्या मागे एक लांबण जोडून आतल्या सळईने दांडी हाताखाली आणली, आणि ती आखूड झाली. मनगट हलविले, की गिअर पडला, ही चैन लोकांना तेथे लागली. अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियात धंदा मांडला. खांबावरची ढिली दांडी काढून तेथे जमिनीवरची भक्कम दांडी बसविण्याचे साहित्य तो विकू लागला. गाडी कारखान्यातून आल्यावर मालकाने तिची दांडी बदलायची, हा व्यवहार त्याने रुळविला. १९६४ च्या पाँटिॲक जी.टी.ओ. गाडीत तर कारखान्यानेच त्याची दांडी बसविली. अपघातात चेपलेल्या गाडीतून माणूस बाहेर काढण्याचा जो हायड्रॉलिक चिमटा पुढे जगभर अग्निशामक दलांत गेला, तोही याच हर्स्टच्या कारखान्यातला. वेगाचे साहित्य विकणाऱ्यानेच वेगाची किंमतही पाहिली होती.

आखूड दांडीचा उत्कर्ष मात्र जपानात झाला. हिरोशिमाजवळील माझदाचा कारखाना हिजियामा टेकडीच्या आडोशामुळे ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बमधून पुष्कळसा बचावला. त्याचे कित्येक कामगार मात्र मृत्युमुखी पडले. उरलेल्यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीन चाकी गाड्या पुन्हा बांधावयास घेतल्या. याच कारखान्याने १९८९ साली ‘एमएक्स-५’ ही दोन आसनी उघडी गाडी काढली. तोशिहिको हिराई हे तिचे प्रमुख होते, आणि ‘जिनबा इत्ताई’, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव, हे त्यांचे सूत्र होते. घोडदळाचा इतिहास ज्या मुलखाच्या हाडीमाशी आहे, त्याला हे सूत्र समजावून सांगावयास नको. दांडी थेट पेटीच्या लांबणीवर उभी, मध्ये सांध्यांची माळ नाही. मुठीचा प्रवास जेमतेम पन्नास मिलिमीटर. एप्रिल २०१६ मध्ये या गाडीची संख्या दहा लाख झाली. अशा गाडीचेही काही मालक म्हणतात, की दांडी आणखी आखूड हवी. आणि बाजारात त्यासाठी साहित्य मिळते. येथे आपण हिशेबाशी येऊन पोचतो.

दांडी ही तराफच आहे. पहारीने दगड उचलताना जो नियम, तोच येथे. गोळ्यासारखा एक टेकू. त्याच्या वर लांब भाग, खाली लहान भाग. समजुतीसाठी आकडे घेऊ. वरचा भाग २०० मिलिमीटर, खालचा ४०. म्हणजे पाचास एक. खालच्या टोकाला गिअरची सळई १० मिलिमीटर सरकवायची असेल, तर मूठ ५० मिलिमीटर हलते, आणि सळईला १० किलोचा जोर हवा असेल तर हाताला २ किलो पुरतात. आता नव्या दांडीत टेकू १० मिलिमीटर वर नेला. वरचा भाग १९०, खालचा ५०. मूठ आता ३८ मिलिमीटरच हलते. पण हाताला २ ऐवजी सुमारे २.६ किलो जोर लागतो. अंतर वाचले ते जोरात फेडले. आर्किमिडीजच्या काळापासून या नियमातून कोणी सुटलेले नाही.

आणि हिशेब येथे संपत नाही. पेटीतल्या कडीला वेग जुळविण्यास क्षणभर अवधी लागतो. दांडी लांब असताना तो अवधी हाताच्या प्रवासातच मिळून जाई. दांडी आखूड झाली, की उतावळा हात कडीपाशी आधी पोचतो, आणि अवधी देण्याऐवजी जोर देतो. हाताने वाचविलेला क्षण कडी आपल्या अंगावर घेते. ती तक्रार करीत नाही. एक दिवस दुसऱ्या गिअरला खरखर सुरू होते, इतकेच.

आता बसविण्याचा क्रम. गाडी सपाट जागेवर उभी करावी, आणि खालचा नळ तापलेला असतो म्हणून थंड होऊ द्यावी. गिअर न्यूट्रलमध्ये राहणार, तेव्हा चाकांना लाकडी ठोकळे द्यावेत. मूठ फिरवून काढावी, मधला कन्सोल आणि रबरी आवरणे उतरवावीत. पेटीचे तोंड उघडण्यापूर्वी आजूबाजूची धूळ पुसून घ्यावी. आत पडलेला खडा काढण्यास सारी पेटी उतरवावी लागते. मग तीन बोल्ट सोडले, की दांडी वर उचलून येते, आणि तोंडावर तत्काळ स्वच्छ फडके टाकावे.

येथे थांबून पाहावे. दांडीच्या खालच्या टोकाला नायलॉनची एक लहान वाटी असते. ती पिवळी पडून चिरली आहे काय? आतले रबरी आवरण फाटले आहे काय? दांडी जेथे टेकते तेथले तेल आटले आहे काय? या तीन गोष्टी स्वस्त आहेत, आणि ज्या ढिलाईला कंटाळून मालक नवी दांडी आणतो, ती बहुधा यांतच असते. वाटी आणि आवरण नवे घालून, योग्य गिअर-तेल भरून, जुनीच दांडी एकदा परत लावून पाहावी. पुष्कळांचे काम येथेच होते. टॅक्सीच्या मिस्त्रीचा धडा तो हाच.

तरीही नवी दांडी हवी असेल, तर गोळ्याला ग्रीस लावून ती बसवावी, सोबतची चकती साहित्यात सांगितलेल्या जागीच घालावी, आणि तिन्ही बोल्ट एकदम न आवळता आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. कन्सोल चढविण्यापूर्वी सर्व गिअर, विशेषतः रिव्हर्स, टाकून पाहावेत.

बिघाड ओळखताना वैद्यासारखे क्रमाने जावे. इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकावेत. तेव्हाही अडखळत असतील, तर दोष दांडीच्या बसविण्यात आहे: चकती चुकली, बोल्ट वाकडे आवळले, किंवा खालचे टोक कशाला तरी घासते. इंजिन बंद असता सर्व गिअर सहज पडतात आणि सुरू केल्यावर सर्वच जड जातात, तर दांडीला बोल लावू नये. क्लच पुरता सुटत नाही. हायड्रॉलिक क्लचचा खालचा सिलिंडर गळत असेल तर असेच होते. एकाच गिअरला, बहुधा दुसऱ्याला, खरखर होत असेल, तर त्याची कडी झिजली आहे. नवी दांडी तो रोग बरा करीत नाही, वाढविते. गिअर पडतो पण चालताना सुटून न्यूट्रलमध्ये येतो, तर आधी पाहावे, की दांडी पूर्ण प्रवास करते की मध्येच कन्सोलच्या कडेला टेकते. कडेला टेकत असेल तर दात अर्धेच गुंततात. मुठीत नवीनच गुणगुण येऊ लागली, तर जुन्या दांडीतला रबराचा थर नव्या दांडीत नाही, असे समजावे. तो रबर ढिलाई नव्हती, तो हाताचा पहारेकरी होता. पायाशी गरम हवा आणि तेलाचा वास आला, तर आतले आवरण नीट बसलेले नाही. थंडीत पहिली काही मिनिटे गिअर जड लागला, तर तो दाट तेलाचा गुण आहे, वाट पाहावी. आणि तेल घालताना गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचेच घालावे. सर्वांत महाग तेल ते सर्वांत योग्य, असा नियम नाही, कारण काही तेले पितळी कडीला मानवत नाहीत.

इतके ऐकल्यावर कोणी विचारील, की कामगार चळवळीतल्या माणसाला हौशी लोकांच्या गाडीची इतकी चिंता कशाला? चिंता गाडीची नाही. ‘काम आखूड करा’ ही आज्ञा आम्ही कारखान्यांच्या दारांत, डेपोंत, कचेऱ्यांत आयुष्यभर ऐकत आलो. त्या आज्ञेचे दोन अर्थ होतात, आणि ते वेगळे करण्यास गिअरच्या दांडीइतका सोपा दाखला आम्हांस दुसरा सापडला नाही. पहिला अर्थ ढिलाई काढण्याचा: झिजलेली वाटी बदला, आटलेले तेल भरा, हत्यार हाताशी आणा, निकामी फेरा वाचवा. यात हाताचा फायदा आहे, यंत्राचाही आहे, आणि कोणाच्या नावावर बिल चढत नाही. अशा सुधारणेस कामगाराने विरोध करण्याचे कारण नाही. ती बहुधा त्यालाच आधी सुचलेली असते. दुसरा अर्थ टेकू सरकविण्याचा: काम तेवढेच, अंतर मात्र कमी, आणि उरलेले जोराने वसूल. तेथे कोणीतरी खाली, झाकणाआड, झिजत असतो.

बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मूठ दोन्हींत लौकर पोचते, आणि पाहणारा दोन्हींना प्रगतीच म्हणतो. फरक कळतो तो झाकण उघडणाऱ्याला. लव्हासोरच्या काळी भार चालकाच्या खांद्यावर होता, तो सर्वांना दिसत होता. थॉम्पसनने तो कडीला दिला, आणि तो दिसेनासा झाला. दिसेनासा झालेला भार नाहीसा झाला, असे समजणे हाच आमच्या मते यंत्रयुगाचा सर्वांत मोठा भ्रम आहे.

एमएक्स-५ ची मूळ दांडी आखूड आहे, ती टेकू सरकवून केलेली नाही. दांडी पेटीवर सरळ उभी केली, मधले सांधे टाळले, जे उरले ते घट्ट मापाचे केले. म्हणून ती आखूड राहूनही हलकी लागते. त्या घट्ट मापामागे रेखणाऱ्याचा विचार आहे, आणि यंत्रावर उभ्या असलेल्या कारागिराचा हातही आहे. खरी बचत अशा रीतीने होते, आणि तिला वेळ लागतो. तेव्हा गाडीत असो, कारखान्यात असो, कोणी आखूड दांडी घेऊन आला तर त्याला परत पाठवू नये. आधी झाकण उघडून वाटी पाहावी, आणि मग त्याला विचारावे, की टेकू कोठे ठेवणार आहात.